तारांची उंची

एक गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोला ती ठाऊक नाही. ज्या माणसाच्या बाबतीत घडली त्याला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलणं जमेल असं वाटतं — निदान सुरुवात तरी करतो. याआधी तीनदा वही उघडली आणि मिटली. आता मिटायचाही कंटाळा आला आहे.

मी वाशीमला राहतो, शाळेत गणित शिकवतो. वय एक्कावन्न. गिटार वाजवतो — बरी वाजवतो, फार बरी नाही. वीस वर्षं झाली. दर रविवारी सकाळी घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये चार-पाच जण आपापली गिटार घेऊन येतात. बियाण्याच्या दुकानातला एक जण, दवाखान्यातल्या एक नर्सबाई, एक रिटायर्ड पोस्टमास्तर. कलाकार कोणालाच व्हायचं नाही. कालच्यापेक्षा आज थोडं बरं वाजावं, एवढंच. आणि नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी विचारतो — सर, हात सुधारायला काय करावं?

माझं उत्तर पाठ आहे. पंधरा मिनिटं, पण रोज. जिथे अडतं तेवढाच तुकडा घ्या, अख्खं गाणं नको. इतकं हळू वाजवा की तुम्हालाच झोप येईल. मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका — लाज वाटेल, वाटू द्या. आपल्यापेक्षा बऱ्या वाजवणाऱ्याशेजारी बसा. पण हे सगळं नंतर. सगळ्यात आधी मी त्याची गिटार हातात घेतो, एक डोळा मिटून दांडीवरून नजर टाकतो आणि तारा किती उंच आहेत ते पाहतो.

लोकांना याचं कौतुक आहे. सर आधी गिटार तपासतात, मग माणूस — असं पोस्टमास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मी मान खाली घालतो. त्यांना तो विनय वाटतो.

ही सवय मला कुठून लागली, हे आजवर कोणी विचारलेलं नाही.

तारांच्या उंचीचं आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. गिटारच्या दांडीवर धातूच्या बारीक आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. तार बोटानं दाबून त्या पट्टीला टेकवली की स्वर निघतो. तार पट्टीच्या जवळ असेल तर बोट नुसतं ठेवलं तरी पुरतं. उंच असेल तर जीव काढून दाबावी लागते, बोटाच्या टोकाचं कातडं सोलतं, आणि एफ नावाची जी कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचा स्वरांचा गुच्छ, आहे — जिच्यात पहिलं बोट सहाही तारांवर आडवं निजवायचं असतं — ती तर होतच नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दांडी वाकते. टिनाखाली टांगलेली गिटार असेल तर हमखास. दुरुस्ती अर्ध्या तासाची. दांडीच्या आत लोखंडी सळई असते, ती एका छोट्या वाकड्या चावीनं — एलन की म्हणतात तिला — जराशी आवळायची. आणि गिटारच्या पोटावर तारा जिच्यावरून जातात ती पांढरी पट्टी काढून खालच्या बाजूनं पॉलिशपेपरवर घासायची. झालं. एवढंच.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. पहिली दोन वर्षं मी उंच तारांशी झगडलो आणि मनाशी म्हणत राहिलो, आपल्या हातातच नाही. मग अकोल्याला तारा घ्यायला गेलो असताना वाद्यांच्या दुकानातल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं माझी गिटार पाहिली, हसला, आणि चहा पिता पिता तिच्या तारा खाली करून दिल्या. चावीही देऊन टाकली. परतीच्या एसटीत मी गिटार मांडीवर घेऊन एफ लावत होतो. शेजारच्या बाईनं विचारलं, काय झालं भाऊ, कोनी गेलं काय? — माझ्या डोळ्यांत पाणी होतं म्हणून.

तर मला ते दुःख ठाऊक होतं. आणि ते किती सहज जातं, हेही.

आता मनोहरभाऊ.

बसस्टँडच्या मागे त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. मूळचे आसेगावकडचे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडे येतात — जुनी तांब्याची तार उकलायची, नवी भरायची. हरभऱ्या-गव्हाच्या दिवसांत त्यांना जेवायला फुरसत नसते. पावसाळ्यात मात्र विहिरीवरच्या मोटारी बंद, म्हणून दुकानही थंड. अशाच एका पावसाळ्यात, नऊ वर्षांपूर्वी, ते माझ्या शेडमध्ये आले. हातात एक जुनी गिटार. त्यांच्या भाच्यानं शिकायला घेऊन सोडून दिलेली, दुकानात टिनाखाली दोन उन्हाळे खिळ्यावर टांगलेली.

"सर, मले काई मोठा वाजवनारा नाई व्हायचं," ते म्हणाले. "सुनंदा भजनी मंडळात गाते. औंदा शारदा उत्सवात तिले एकटीले गानं देल्लं हाय. तिच्या मांगं बसून वाजवता आलं पायजे, बस. चार कॉर्ड शिकवा."

सुनंदावहिनी म्हणजे त्यांची बायको. आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "वीस वर्सं झाले, ते माह्या मोटारीचा आवाज आयकून राह्यली."

मी शिकवायला लागलो. मनापासून शिकवायला लागलो — हेही खरं आहे, कारण सुरुवातीला माझ्या मनात काही नव्हतं. निदान मला तसं आठवतं.

त्यांची बोटं जाड होती. तारा गुंडाळून गुंडाळून टोकं चपटी झालेली. पण कान! मोटार सुरू करून नुसत्या आवाजावरून कोणती बेअरिंग गेली ते सांगणारा तो कान. दुसऱ्याच रविवारी मी सगळ्यांना एक चाल वाजवून दाखवत होतो, तर ते मध्येच म्हणाले, "सर, तुमची तिसरी तार उतरली हाय." मी मोबाईलवरच्या ॲपमध्ये पाहिलं. उतरली होती, केसभर. नर्सबाई मनोहरभाऊंकडे बोट करून हसल्या — "घ्या सर, आता तुमीच यायच्यापाशी शिकवणी लावा." सगळे हसले. मीही हसलो.

अकरा वर्षं वाजवत होतो तेव्हा. अकरा वर्षांत ती केसभर उतरलेली तार मला एकदाही आपल्या कानानं ऐकू आली नव्हती. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय? मीही स्वतःला तेच म्हणत होतो. पण मग प्रत्येक रविवारी काहीतरी व्हायचं. कॉर्ड कुठे बदलायची हे ते गाणं एकदा ऐकून सांगायचे. मी कागदावर लिहून आणलेलं असायचं, आणि ते कागद न बघता म्हणायचे, "इथं नाई सर, याच्या जरासं आंधी." आणि ते बरोबर असायचं. पोस्टमास्तर मला विचारायचं सोडून त्यांना विचारू लागले. माझ्या शेडमध्ये, माझ्या खुर्च्यांवर बसून.

फक्त हात चालत नव्हता. एफ लागत नव्हती, आणि वहिनींच्या गाण्यात एफ होती.

तो रविवार. बाकीचे निघून गेले होते. मनोहरभाऊंनी गिटार उचलली, उजवा डोळा मिटला आणि मोटारीचा शाफ्ट वाकला आहे का बघावं तशी दांडी डोळ्यासमोर धरली. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "सर, हे दांडी वाकली हाय. तारा लय वर हायेत. खाली बसवता येत नाई काय याले?"

बघा. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मला कळायला दोन वर्षं आणि अकोल्याचा म्हातारा लागला, आणि हा माणूस सहा आठवड्यांत नेमक्या जागेवर बोट ठेवून बसला होता. फक्त "हो" म्हणायचं होतं. चावी शेडमध्येच होती.

मी म्हणालो, "नाही."

एरवी मी त्यांच्याशी आपल्या वऱ्हाडीतच बोलतो. त्या वेळी मात्र वर्गात बोलतो तसा बोललो. म्हणालो, "गिटार अशीच असते, मनोहरभाऊ. तारांचा दोष नाही. तुमची बोटं जाड आहेत, त्याला इलाज नाही."

"तुमची तं खाली हाय."

"माझी वेगळ्या बनावटीची आहे. आणि हिला पाना-बिना लावू नका, दांडी तुटेल."

त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं, उलटसुलट करून, जणू पहिल्यांदाच बघतायत. "असं हाय काय," एवढंच म्हणाले. त्यांच्या दुकानात असल्या चाव्यांचा अख्खा डबा होता. कुठलीही मोटार खोलताना ज्यानं कोणाची परवानगी घेतली नाही, त्या माणसानं गिटारला हात लावला नाही — कारण सरांनी सांगितलं होतं.

मी हे ठरवून केलं का? नाही, ठरवलं नव्हतं. पण तोंडातून गेल्यावर परत घेण्यासाठी माझ्याकडे दोन महिने होते. आठ-नऊ रविवार. दर रविवारी ते येत होते. म्हणजे ते एकदा बोललेलं खोटं नव्हतं, ते मी रोज पाळलेलं खोटं होतं.

आणि त्या दोन महिन्यांत मी त्यांना बाकी सगळं खरं शिकवलं. हळू वाजवा म्हणालो, त्यांनी हळू वाजवलं. रोज पंधरा मिनिटं म्हणालो, त्यांनी तास-तास दिला. रेकॉर्ड करून ऐका म्हणालो, ते करायचे आणि मलाच आणून ऐकवायचे — दबलेल्या, खरखरणाऱ्या तारांचा तो आवाज — आणि विचारायचे, "सुधारून राह्यलं काय, सर?" बोटांची सालं निघाली तेव्हा ते करंट बाहेर येऊ नये म्हणून वायंडिंगवर मारायची वार्निश बोटांच्या टोकांना लावून यायला लागले. तपकिरी, चकाकणारी चार टोकं. पोस्टमास्तर म्हणाले, "मनोहरराव, आता तुमाले करंट नाई लागत." ते स्वतःच सगळ्यात जास्त हसले. मी तारांना तेल लावत बसलो होतो. वर पाहिलं नाही.

उत्सवाच्या चार दिवस आधी ते घरी आले. उभ्याउभ्याच बोलले. "सर, होत नाई. मंडळाचे लोक हसतीन, अन् तिचं गानं खराब होईन. तुमी वाजवा तिच्या मांगं."

मी नाही म्हणू शकत होतो. अजून चार दिवस होते, आणि दुरुस्ती अर्ध्या तासाची. मी म्हणालो, "बरं."

वाजवलं. कॉलनीच्या मांडवात, संध्याकाळी, बऱ्यापैकी गर्दी होती. वहिनी हिरव्या साडीत, दोन्ही हातांनी माईक धरून, डोळे मिटून गायल्या. मनोहरभाऊ पहिल्या रांगेत सतरंजीवर बसले होते. माझी नजर एकदा त्यांच्यावर गेली आणि मग हलेना. त्यांचा डावा हात गुडघ्यावर होता, आणि बोटं हलत होती. ते कॉर्ड लावत होते — पँटच्या कापडावर. प्रत्येक बदल जागच्या जागी. दुसऱ्या कडव्यात मी एफवर उशिरा पोचलो. त्यांचं बोट गुडघ्यावर वेळेवर आडवं झालं होतं.

टाळ्या झाल्या. वहिनी खाली उतरल्यावर मनोहरभाऊंकडे बघत मला म्हणाल्या, "चांगलं वाजवलं तुमी, सर. पन मी यायच्यासाठी उभी राह्यली व्हती." तक्रार नव्हती त्यात. सांगितलं फक्त. त्यानंतर त्या मंडळात गायल्या असतील, एकट्यानं स्टेजवर कधी नाही.

आठवड्याभरानं मनोहरभाऊ गिटार माझ्याकडे घेऊन आले. "घरी ठेवली तं दिसते. तुमच्यापाशीच असू द्या, कोनाले कामी येईन." ते गेले, आणि मी त्याच दुपारी टेबलाच्या खणातून चावी काढली. सळई आवळली. पट्टी घासली. का? पाहायचं होतं. मनात कुठेतरी आशा होती की नाहीच होणार, गिटारच खराब असेल, आणि मी खोटं बोललो तरी फरक पडला नसता असं ठरेल. अर्ध्या तासानं मी एफ लावली. सहाही तारा स्वच्छ वाजल्या.

मग ती भिंतीवर टांगून ठेवली. नऊ वर्षं ती तिथेच होती; दर उन्हाळ्यानंतर मी तिची सळई पुन्हा आवळत आलो. तेव्हापासून मी प्रत्येकाच्या तारा आधी पाहतो. बऱ्याच जणांचे हात त्यामुळे सुधारले, हे खरं आहे. त्यातल्या निम्म्यांना मनोहरभाऊंनीच पाठवलं. दुकानात मोटार घेऊन आलेल्या माणसाला गिटारची हौस आहे असं कळलं की म्हणतात, "आमच्या सरकडे जा. खोटी आशा नाई लावत. मले त्यायनं तोंडावर सांगतलं, तुये बोटं जाड हायेत." हे मला त्या आलेल्या माणसांनी सांगितलं. हसत हसत. एकानं नाही — कितीतरी जणांनी.

गेल्या महिन्यात ते स्वतः आले. सोबत मुलगी, कोमल. पॉलिटेक्निक झाल्यावर ती आता दुकान सांभाळते, वायंडिंग तीच करते. तिला शिकायचं होतं. खुर्चीत बसायच्या आधीच मनोहरभाऊंनी तिचा हात धरून माझ्यासमोर उघडा केला.

"सर, आंधी बोटं पाहून घ्या हिचे. माह्यावानी असतीन तं आत्ताच सांगा. मंग जिवाले लागते."

मी तो हात पाहिला. काय पाहणार होतो? पाहिल्यासारखं केलं. म्हणालो, चांगली आहेत. "आईवर गेली," ते खूश होऊन म्हणाले. कोमल म्हणाली, "बाबा, हात सोडा आता, सोयरीक नाई पाहून राह्यले ते." भिंतीवर एकच जास्तीची गिटार होती. मी ती काढून तिच्या हातात दिली. तिनं मी दाखवलेली पहिली कॉर्ड लावली. वाजली, लगेच, पहिल्या झटक्यात.

मनोहरभाऊ ऐकत होते. त्या कानानं. मग त्यांनी हात पुढे केला आणि एक बोट — तेच जाड, चपट्या टोकाचं — सहाही तारांवर आडवं ठेवलं. दाबलं नाही, ठेवलं. दुसऱ्या हातानं तारा छेडल्या. सगळ्या वाजल्या.

त्यांनी गिटार उचलली. उजवा डोळा मिटला. दांडी डोळ्यासमोर धरली.

"खाली केली काय हे?"

"हो," मी म्हणालो.

"होते मंग खाली."

"हो."

त्यांनी अंगठा तारांवरून फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तवा नव्हतं होत काय?"

नऊ वर्षांनी तोच प्रश्न, त्याच शेडमध्ये, त्याच गिटारवर. दुसरी संधी म्हणतात ती हीच असावी. कोमल आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होती.

मी म्हणालो, "तवा मले माईत नव्हतं, मनोहरभाऊ." या वेळी वऱ्हाडीत म्हणालो. जवळचं वाटावं म्हणून.

त्यांनी मान हलवली. गिटार मुलीच्या मांडीवर ठेवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ द्या, सर. माईतच नाई तं तुमी काय करसान." आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. मुलीची शिकवणी संपेपर्यंत तिथेच बसून होते, पाठ आमच्याकडे करून. डावा हात मला दिसत नव्हता.

ते अजून येतात, दर रविवारी, तिला सोडायला. तिचा हात चांगला चालला आहे. एफ लागते. ते पायरीवर बसतात, मी शिकवतो.

मला माहीत होतं. त्या रविवारी चावी टेबलाच्या वरच्या खणात होती, आम्ही बसलो होतो तिथून चार हातांवर. आणि मी नाही म्हणालो.